भोपी डॉक्टरांची बरणी

अंबरनाथमधल्या निम्म्या बिडीवाल्यांनी माझी छाती कान लावून ऐकलेली आहे. यात फुशारकी काही नाही, तो माझ्या नोकरीचा भाग होता. मी भोपी डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. गोळ्यांच्या पुड्या बांधायच्या, नंबर पुकारायचे, इंजेक्शनचा ट्रे पुढे करायचा, आणि आतून घंटी दोनदा वाजली की शर्टाची वरची तीन बटणं काढत आत जायचं. एकदा वाजली तर पुढचा पेशंट, दोनदा वाजली तर मी.

आत कुणीतरी खोकत बसलेला असायचा. डॉक्टर आपल्या कानातला स्टेथोस्कोप काढून त्याच्या कानात घालायचे आणि दुसरं टोक त्याच्याच छातीवर ठेवायचे. "श्वास घे. काय ऐकू येतंय?"

तो बिचारा गोंधळून म्हणायचा, "शिट्टी वाजतेय, डॉक्टर."

"कुकर लावलायस का आत?" असं म्हणून तीच थंडगार चकती माझ्या छातीवर. "आता हे ऐक. हा वसंता. डोक्यावर केस नाहीत, गुडघे कुरकुरतात, हिशेबात कच्चा आहे. म्हणजे बाकी सगळा आनंदच. पण छाती ऐक त्याची."

पेशंट ऐकायचा आणि गप्प व्हायचा. मी जन्मात बिडी ओढली नाही त्यात माझं कर्तृत्व शून्य आहे, मला धुराने मळमळतं एवढंच. पण डॉक्टरांनी त्या मळमळीचं भांडवल करून चौदा वर्षं माझी छाती राबवून घेतली. बायको वैतागून विचारायची, "तुमच्या शर्टांची नेमकी वरचीच बटणं कशी हो तुटतात?" तिला काय सांगणार!

शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याला एका इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांचा तो दवाखाना होता. डॉक्टर मूळचे बारवी धरणाच्या बाजूच्या एका आगरी वस्तीतले. घरची भातशेती. डॉक्टर झाले तरी मनगटं शेतकऱ्याचीच राहिली होती, नाडी बघायला हात धरला की पेशंटला पळून जायची सोय उरायची नाही. एरवी बोलणं स्वच्छ, पुस्तकातल्यासारखं. पण राग आला की गावाकडची बोली बाहेर यायची. "काय रं" असं आतून ऐकू आलं, की बाकड्यावरची माणसं एकमेकांकडे बघायची.

बिडी-सिगरेटवर त्यांचा एवढा राग का, याच्या गावात दोन-तीन गोष्टी होत्या. कुणी म्हणायचं वडील त्याच खोकल्याने गेले, कुणी म्हणायचं भाऊ. मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

टेबलावर त्यांच्या उजव्या हाताला काचेची एक मोठी बरणी असायची. उल्हासनगरच्या बाजारातल्या एका फरसाणवाल्याकडून आणलेली, लाल झाकणाची. बिडी सोडतो म्हणणाऱ्याने खिशातलं बंडल तिथेच त्या बरणीत टाकायचं. मी बिड्या मोजून चिठ्ठीवर नाव आणि आकडा लिहायचा, चिठ्ठी दोऱ्याने बंडलाला बांधायची. मग डॉक्टर एकच वाक्य बोलायचे, "ही तुझीच आहे. केव्हाही परत माग, मी देईन. फक्त मला येऊन माग."

पहिल्यांदा मला हा पोरखेळ वाटला. टपरीवर नवं बंडल मिळतंच की! पण एक सावंतकाका होते, कारखान्यातून निवृत्त झालेले. ते बंडल ठेवून गेले आणि आठव्या दिवशी आले. रीतसर नंबर लावला, तासभर बसले, आत जाऊन म्हणाले, "डॉक्टर, माझी द्या." डॉक्टर उठून उभे राहिले आणि बंडल दोन्ही हातांनी त्यांच्या हातात ठेवलं. एक शब्द बोलले नाहीत. काका बाहेर माझ्याजवळ येऊन थांबले, बंडल खिशात घातलं, परत काढलं, परत घातलं. तिसऱ्या दिवशी तेच बंडल घेऊन हजर! मला म्हणाले, "वसंता, मागून आणलेली बिडी घशाखाली उतरत नाही रे." मी मोजल्या. एक कमी होती. चिठ्ठीवरचा आकडा खोडून नवा लिहिला.

उल्हासनगरच्या कॅम्पातले एक जीन्स पँटचे व्यापारी यायचे, सिंधी, हातात चार अंगठ्या आणि खिशात सिगरेटचं पाकीट. "साईं, गोली दो, भाषण मत दो," असं दारातूनच सांगायचे. डॉक्टरांनी एकदा त्यांना उठवलं आणि इमारतीच्या जिन्याने तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवलं. स्वतःही बरोबर चढले. वर गेल्यावर म्हणाले, "शेठ, आता पाचही नातवंडांची नावं एका दमात सांगा." शेठ दोन नावांवर अडकले. तिसरं नाव सांगायला त्यांनी कठड्याला धरलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते दमाने की कशाने देव जाणे. वर्षभराने तेच शेठ मिठाईचा डबा घेऊन आले आणि बाकड्यावरच्या सगळ्या पेशंटांसमोर पाच नावं धाडधाड म्हणून दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर आतून ओरडले, "गोंधळ कसला चाललाय?" पण मी पाहिलं, त्या दिवशी ते दुपारभर गुणगुणत होते.

असा हा माणूस. ज्याने सोडली त्याच्यावर आईसारखी माया, ज्याने सांगून मागितली त्याला मान. पण जो खोटं बोलला त्याला क्षमा नाही. भिंतीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती, 'ओढत असाल तर ओढतो म्हणून सांगा.' आणि तोंडात कायम एक वाक्य: "तोंड खोटं बोलतं, छाती बोलत नाही." माझ्यासमोर त्यांनी अनेकांना छातीवरून पकडलं होतं. सोडली म्हणून शपथा घेणारा माणूस स्टेथोस्कोप लागला की चळचळा कापायचा. डॉक्टरांचा अंदाज चुकायचा नाही, आणि न चुकण्याची त्यांना सवय लागली होती.

मग दगडू शेडगे आला.

दगडू साताऱ्याकडचा. पंचेचाळीसच्या आसपासचा, सडसडीत, कमी बोलणारा, थोडा तिरसट. एमआयडीसीत रोजंदारीवर मिळेल ते काम करायचा, कधी ड्रम उचलायचे, कधी भट्टीची राख काढायची. दिवसाला दोन बंडलं. बायको शेवंताबाईने त्याला जवळजवळ ओढूनच आणला होता. घंटी दोनदा वाजली, मी बटणं काढत आत गेलो, त्याने आधी आपली छाती ऐकली आणि मग माझी. बराच वेळ ऐकली. मग कानातून नळ्या काढून मला म्हणाला, "तुमचं बरं हाय." एवढंच. खिशातून बंडल काढून बरणीत टाकलं. मी मोजलं आणि लिहिलं: दगडू शेडगे, अकरा.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, की सोडल्यावर पहिले काही आठवडे खोकला वाढेल, घाबरू नकोस, आतली घाण निघते. तो वाढलाच. दगडू पंधरा दिवसांनी आला, खोकला. महिन्याने आला, खोकला. गालफडं बसायला लागली होती. डॉक्टर दर वेळी विचारत, "किती ओढतोस?" तो सांगायचा, "येक बी न्हाय." डॉक्टर त्याच्या छातीवर चकती फिरवायचे, कपाळाला आठ्या घालायचे आणि औषध लिहून द्यायचे.

आता नाक्याचं सांगायला हवं. स्टेशनकडून एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक टपरी आहे. सकाळी आठच्या सुमाराला रोजंदारीची माणसं तिथे उभी राहतात. ठेकेदाराचा मुकादम येतो, चेहरे बघतो, वहीत नावं घेतो, तेवढ्या माणसांना त्या दिवशी काम. बाकीचे घरी. मुकादमाच्या एका हातात वही, दुसऱ्यात पेन, खांद्याने कानाशी दाबलेला मोबाइल, आणि तोंडात बिडी. लिहिताना धूर डोळ्यांत जायचा, म्हणून तो पेटती बिडी समोरच्या कुणाच्या तरी हातात धरायला द्यायचा. आणि ज्याच्या हातात दिली तो दोन झुरके मारल्याशिवाय परत करायचा नाही. रोज त्यावरून शिव्या. दगडूने सोडली हे कळल्यावर मुकादम खूश झाला. बिडी दगडूच्या हातात द्यायची, ती जशीच्या तशी परत मिळते! तेव्हापासून दगडू पुढे उभा राहायचा, उजव्या हातात मुकादमाची बिडी धरून, आणि वहीत पहिलं नाव त्याचं लागायचं.

हे मला माहीत होतं. मी बदलापूरहून येणारा, स्टेशनवरून चालत याच रस्त्याने दवाखान्यात जायचो. दोन-तीनदा डोळ्यांनी पाहिलं होतं. मुकादम ओरडायचा, "ए दगड्या, पकड!" आणि दगडू हात लांब करून, तोंड दुसरीकडे फिरवून ती बिडी धरायचा. मला गंमत वाटली होती.

एका सकाळी डॉक्टरांची स्कूटर त्याच रस्त्याने गेली. त्यांनी काय पाहिलं असेल ते सांगायला नको. टपरी, धूर, आणि बोटांत पेटती बिडी घेऊन उभा असलेला दगडू.

त्याच आठवड्यात दगडू आला. दवाखाना भरलेला होता, एक मूल बाकड्यावर ओकलं होतं आणि मी फडकं घेऊन खाली वाकलो होतो. आतून आवाज आला.

"किती ओढतोस?"

"येक बी न्हाय."

"काय रं! माज्या तोंडावर?"

बाकड्यावरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. डॉक्टर म्हणाले, नाक्यावर मी या डोळ्यांनी बघितलं. दगडू म्हणाला, "ती माजी नव्हती, डाक्टर. दुसऱ्याची हुती. म्या नुसती धरली हुती."

"सगले आसाच सांगतान!"

मग बरणीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मी दारातून पाहिलं. डॉक्टरांनी चिठ्ठीसकट बंडल काढलं आणि टेबलावरून त्याच्याकडे सरकवलं. सावंतकाकांना दिलं होतं तसं दोन हातांनी नाही, एका बोटाने. "घेऊन जा. खोटं बोलणाऱ्याची छाती मी तपासत नाही." दगडूने बंडल उचललं, शर्टाच्या खिशात ठेवलं आणि उठला. माझ्या बाजूने जाताना त्याने माझ्याकडे बघितलं. मी रोज नाक्यावरून जातो हे त्याला माहीत होतं.

घंटी एकदा वाजली. मी पुढचा नंबर पुकारला.

दुपारी सांगू म्हटलं, तर दुपारी डॉक्टरांचा पारा चढलेला होता. उद्या सांगू म्हटलं. उद्या विसरलो. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही, डॉक्टरांनाही नाही. माझ्या निर्मळ छातीचं एवढं कौतुक झालं, तिच्यात हे एवढं आहे.

चार महिने गेले. दगडू आला नाही. आम्हाला त्याची आठवणही झाली नाही. एक दिवस सकाळी अकराच्या सुमाराला नाक्यावरचा मुकादम स्वतः दवाखान्यात आला, पाठ धरली म्हणून. सुई टोचून घेताना गप्पा मारायची त्याला खोड. म्हणाला, "डॉक्टर, तुमचा तो दगड्या गेला का हो गावाला? माझे लय हाल झालेत. तो होता तवर माझी बिडी सेफ होती. सोडल्यापासून एक झुरका नाय मारला कधी त्यानं. आता ज्याला देतो तो अर्धी करून देतो."

डॉक्टरांचा हात सुईवरच थांबला. "काय म्हणालात?"

मुकादमाने परत सांगितलं, आणखी खुलवून सांगितलं. डॉक्टरांनी सुई काढली, कापूस दाबला, हात धुतले. खूप वेळ धुतले. बाहेर वीसेक माणसं बसलेली होती. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "मला जावं लागतंय. माफ करा." चौदा वर्षांत त्यांच्या तोंडून 'माफ करा' हे मी पहिल्यांदा ऐकलं. मला म्हणाले, "वसंता, पत्ता काढ त्याचा."

स्कूटरवर मी मागे बसलो होतो. वाटेत ते एकदाच बोलले. "उजवीकडेच शिट्टी होती. फक्त उजवीकडे. बिडी दोन्हीकडे वाजते रे. मला ऐकू आलं होतं."

पत्र्याची एक खोली. दगडू भिंतीशी टेकून बसला होता. तो दगडू म्हणून ओळखायला मला वेळ लागला. शेवंताबाई चुलीपाशी होती, ती उठली नाही. मध्ये दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांकडे गेला होतास का, असं डॉक्टरांनी विचारलं. शेवंताबाई म्हणाली, "म्या लय सांगितलं. न्हाय म्हनाले. म्हनाले, त्यो बी इच्यारनार, किती वढतो."

डॉक्टर खाली फरशीवर बसले. म्हणाले, "चुकलं माझं, दगडू."

दगडूने देवांच्या फळीकडे हात केला. तिथे खंडोबाच्या तसबिरीशेजारी ते बंडल होतं. माझ्या अक्षरातली चिठ्ठी तशीच बांधलेली. तो म्हणाला, "मोजून घ्या."

"दगडू, राहू दे रे."

"न्हाय. मोजा. ह्येनी लिवलं हुतं, ह्येनीच मोजावं."

मी मोजल्या. दोनदा चुकलो. अकरा होत्या.

त्याच दिवशी आम्ही त्याला रिक्षाने उल्हासनगरला एक्स-रेला नेलं. तिथल्या सिंधी टेक्निशियनने ओली फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि डॉक्टरांना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "साईं, इसको बहुत लेट लाया." उजव्या बाजूला पांढरा डाग होता, मुठीएवढा. पुढे मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातही डॉक्टर स्वतः त्याला घेऊन गेले, दवाखाना बंद ठेवून, एकदा नव्हे, सहा-सात वेळा. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंना त्यांनी विचारलं, चार महिने आधी आला असता तर? त्या म्हणाल्या, कदाचित ऑपरेशन करता आलं असतं, कदाचित नसतंही, आता कसं सांगणार. त्या 'कदाचित'वर डॉक्टर पुढे जगले असं मला वाटतं, आणि ते जगणं काही सुखाचं नव्हतं.

दगडूने त्यांना माफ केलं नाही. उगाच गोड करून सांगण्यात अर्थ नाही. डॉक्टर रोज संध्याकाळी त्याच्या खोलीवर जात, उशाशी बसत, दुखायचं थांबवायचं औषध देत. तो औषध घ्यायचा आणि भिंतीकडे तोंड करायचा. शेवटच्या आठवड्यात मी बरोबर होतो. शेजारणी शेवंताबाईला सांगत होत्या, आता काय राहिलंय, द्या त्याला एक ओढायला, जीव तरी शांत होईल. दगडूने ते ऐकलं. डॉक्टरांकडे बघून विचारलं, "वढू का?"

डॉक्टर म्हणाले, "ओढ. मी पेटवून देतो." आणि खरोखरच त्यांनी शेवंताबाईकडे काडेपेटी मागितली. चौदा वर्षं ज्या माणसाने काडेपेटीला हात लावलेला मी पाहिला नव्हता, तो काडी हातात घेऊन बसला होता.

दगडूने त्या काडीकडे बघितलं. मग म्हणाला, "नगं. आता वढली तर तुमचंच खरं व्हईल."

चौथ्या दिवशी तो गेला.

तेराव्यानंतर शेवंताबाई दवाखान्यात आली. नंबर लावला नाही, मीही थांबवलं नाही. सरळ आत गेली, टेबलावरच्या बरणीचं झाकण उघडलं, पदरातून बंडल काढून आत ठेवलं आणि झाकण लावलं. डॉक्टर उभे राहिले होते. ती तशीच बाहेर पडली. तिच्या मागोमाग मी दारापर्यंत गेलो.

त्यानंतर डॉक्टरांनी बाकीची सगळी बंडलं काढून टाकली. बरणीत ते एकच राहिलं. भिंतीवरची पाटी उतरली. 'तोंड खोटं बोलतं' हे वाक्य मी पुन्हा ऐकलं नाही. घंटी दोनदा वाजायची थांबली आणि माझी छाती सेवानिवृत्त झाली. बिडी सोडा हे सांगणं त्यांनी सोडलं नाही, उलट वाढवलं, पण आता ते हात जोडल्यासारखं सांगायचे. तीन आठवडे खोकला असलेल्या प्रत्येकाला एक्स-रे, मग तो काहीही सांगो. आणि लोक जे सांगतील ते मानायचे. लोक तर काय, बोलूनचालून लोक! तोंडाला बिडीचा वास मारत असताना "सोडली, डॉक्टर" म्हणायचे आणि डॉक्टर म्हणायचे, "शाब्बास." मला संताप यायचा. एकदा मी बोललोच, "डॉक्टर, तो तुम्हाला सरळसरळ बनवून गेला." ते औषधाची चिठ्ठी लिहीत होते. वर न बघता म्हणाले, "बनवू दे."

त्यांच्या हाताखाली बरं झालेल्या माणसांची यादी मोठी आहे. त्या शेठच्या पाच नातवंडांत आता पणतूची भर पडली आहे. हे मी डॉक्टरांना आठवण करून द्यायचो. ते ऐकून घ्यायचे, मान हलवायचे, आणि त्यांची नजर बरणीकडे जायची.

पुढे त्यांनी संध्याकाळचा दवाखाना बंद केला, मग सकाळचाही तीन दिवसांवर आणला. मी बदलापूरला एका मेडिकलमध्ये लागलो. कुणी कुणी सांगायचं, की भोपी डॉक्टर हल्ली सकाळी नाक्यावर उभे असतात, रोजंदारीवाल्यांना पकडून विचारतात, खोकला आहे का, किती दिवस आहे, चल एक्स-रे काढू. मुकादम आधी कटकट करायचा म्हणे, आता करत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका लग्नाची पत्रिका द्यायला मी अंबरनाथला गेलो होतो. सकाळची वेळ. स्टेशनवरून रिक्षा केली. रिक्षावाला विशी-पंचविशीतला, तोंड सतत चालू. नाक्याजवळ एक टेम्पो आडवा लागला होता म्हणून रिक्षा थांबली.

टपरीसमोर ती माणसं उभी होती, तशीच, तीस-चाळीस. मुकादम वही घेऊन नावं लिहीत होता, खांद्याशी मोबाइल दाबलेला. आता तोही म्हातारा झाला आहे. आणि त्याच्या समोर, दगडू उभा राहायचा त्याच जागेवर, भोपी डॉक्टर उभे होते. पांढरा सदरा, खिशाला पेन. केस पांढरे झालेले. उजवा हात त्यांनी अंगापासून लांब धरला होता आणि त्या हाताच्या दोन बोटांत पेटती बिडी होती. धूर वर त्यांच्या चेहऱ्याकडे जात होता. ते तोंड फिरवत नव्हते. रस्त्यावरून शाळेची बस गेली, ओळखीची माणसं गेली, त्यांचा एखादा जुना पेशंटही गेला असेल. कुणी वळून बघितलं, तरी ते तसेच उभे. मुकादमाने वही मिटली, हात पुढे केला, आणि डॉक्टरांनी ती बिडी त्याच्या हातात परत ठेवली.

मी रिक्षातून बाहेर वाकून बघत होतो.

रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि हसला. "देखा काका? दुनियेला सांगतो सोडा, सोडा, आणि स्वतः नाक्यावर उभा राहून फुंकतो. बडा डॉक्टर!"

"नाही रे," मी म्हणालो. "ते ओढत नाहीत. ती बिडी दुसऱ्याची आहे. त्यांनी नुसती धरली होती."

टेम्पो हलला. त्याने रिक्षा गिअरमध्ये टाकली.

"सगळे असंच सांगतात, काका."